तिखट फुलांची तपासणी

काडीकाकांनी बाल्कनीत फुलं लावायचं ठरवलं ते बायकोला खाऊ घालण्यासाठी. हे वाक्य त्यांनी ज्याला ज्याला सांगितलं त्याने त्याने ते पुन्हा म्हणायला लावलं, आणि दुसऱ्यांदा ऐकल्यावर आवाज उतरवून विचारलं, "काकूंची तब्येत कशी आहे आता?" चौकशी काकूंची, पण नजर काकांच्या डोक्याच्या दिशेला.

वास्तविक प्रकरण सरळ होतं. लांबलेल्या तापाने आणि त्याहून लांबलेल्या औषधांनी काकूंच्या तोंडाची चव पार गेली होती. सूप म्हणजे कोमट पाणी, भात म्हणजे ओला कागद, उकडलेलं अंडं म्हणजे खोडरबर. मिरची देऊन पाहिली. डोळ्यांना पाणी आलं, जिभेला पत्ता नाही. तीन महिन्यांत सात किलो उतरले. डॉक्टरांनी काट्याकडे बघतच सांगितलं, "दोन महिन्यांनी या. आणखी उतरलं तर दाखल करून घेऊ. नाकातून नळी घालून अन्न देता येतं."

"नळीने भरायला मी काय मोटार आहे?" काकू म्हणाल्या.

डॉक्टर हसले. काका हसले नाहीत. काकूंना उठवायला त्यांनी हात धरला होता, आणि त्या हातात हल्ली धरण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

बाहेर चिठ्ठीची वाट बघत बसल्या असताना काकूंनी शेजारच्या कुंडीतल्या केशरी फुलाची एक पाकळी सहज खुडली आणि दाताखाली धरली. चांगली शिकलेली, साठी उलटलेली बाई दवाखान्याची कुंडी खाते आहे हे बघून काका ओळखीचं कुणी नाही ना म्हणून इकडेतिकडे पाहू लागले. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अगंबाई! हे तिखट आहे!"

तीन महिन्यांत कुठल्याही पदार्थाला मिळालेलं हे पहिलं विशेषण.

"नस्टर्शियम ते," खिडकीमागच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं. "खातात लोक. पण हे नका खाऊ, याच्यावर कालच कीडनाशक मारलंय."

काकूंनी पाकळी रुमालात काढली आणि चूळ भरली. झालं काहीच नाही. पण काकांनी पुढचे चार तास दर दहा मिनिटांनी "कसं वाटतंय?" असं विचारून त्यांना मळमळायला लावलं.

काकांचं हे असं का, ते कळायला त्यांची नोकरी कळली पाहिजे. काडेपेटीच्या कारखान्यात ते चौतीस वर्षं तपासनीस होते. प्रत्येक बॅचमधून पेट्या उचलायच्या, त्यांतली एकेक काडी ओढायची, पेटली की लिहायचं, नाही पेटली की लिहायचं. काडी चांगली आहे की नाही हे ती पेटवल्याशिवाय कळत नाही, आणि पेटवली की ती कुणाच्या उपयोगाची राहत नाही. या विचित्र सत्यात काकांचं निम्मं आयुष्य सुखाने गेलं होतं. त्यांनी पास केलेल्या पेटीने कुणाचं बोट भाजलं अशी एकही तक्रार नव्हती. इमारतीत एकमेकांत काड्या लावणारे पुष्कळ होते, पण अधिकृत काडीकाका एकच.

दुसऱ्या शहरात राहणाऱ्या मुलीने बियांचं पाकीट पोस्टाने पाठवलं. काकांनी चष्मा लावून बॅच क्रमांक वाचला, तारीख वाचली, समाधानाने मान हलवली आणि पाकीट काकूंकडे दिलं. बियाणं पेरल्यापासून फुलापर्यंत सात-आठ आठवडे. डॉक्टरांकडे जायला आठ आठवडे. हिशेब काठावर बसत होता.

बाल्कनी म्हणजे दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने आत यावं एवढी. त्यात कपडे धुण्याचं यंत्र आणि कपड्यांची दोरी. काकांनी उरलेल्या जागेत सहा भांडी बसवली: दोन तेलाचे डबे, एक फुटकी बादली, एक बिस्किटांचा डबा, हँडल गेलेला कुकर आणि मुलीला लहानपणी ज्यात न्हाऊ घालायचे तो टब. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून तळाला भोकं पाडायची होती. बादली स्टुलावर ठेवून काकांनी आतून ड्रिल चालवलं. भोक सुरेख पडलं. बादली उचलल्यावर लक्षात आलं की आता स्टुलातूनही पाण्याचा निचरा उत्तम होईल.

"स्टुलात काय पेरणार आहात?" काकूंनी आतून विचारलं.

बिया उगवल्या, आणि त्यांच्या जोडीने सल्लेही उगवले. वरच्या मजल्यावर निवृत्त भूगोलबाई राहत. त्यांनी कठड्यावरून वाकून पाहणी केली आणि निकाल दिला, "माती फार गरीब आहे हो तुमची. खायला घाला तिला. ज्याला खायचंय त्याला आधी खिलवावं लागतं." काकांना हे इतकं पटलं की त्यांनी चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, केळ्यांच्या साली आणि भूगोलबाईंनी दिलेलं पोतंभर कंपोस्ट असं सगळं घातलं. समोरच्या दारातल्या निवृत्त कंडक्टरांनी शेणखत घाला म्हणून सांगितलं आणि पुढच्या दिवशी ते दारात आणूनही ठेवलं. त्या दिवशी इमारतीत जो तो वर येताना आपल्याच चपलांचे तळ बघत होता.

झाडांनी हा पाहुणचार आनंदाने स्वीकारला. पानं फुटली, वाढली, बशीएवढी झाली, कठड्याबाहेर लोंबू लागली. पाच आठवड्यांत बाल्कनीतून रस्ता दिसेनासा झाला. फक्त फूल नव्हतं. कळीही नव्हती. रोज सकाळी काका एकेक पान उचलून खाली बघत, जसं कुणी हरवलेली चावी शोधावी.

"बाबा, आईचं काय चाललंय?" मुलीने फोनवर विचारलं.

"पानं चांगली आलीत," काका म्हणाले.

"मी आईचं विचारतेय."

"तिचंही तसंच. म्हणजे... तुझ्या आईला पानं आलेली नाहीत. अर्धी वाटी सूप घेतलं काल."

अशात सोसायटीचे सेक्रेटरी उगवले. सेक्रेटरी काकांच्या बरोबर खाली राहत, म्हणजे काकांच्या सहा भांड्यांचा निचरा जिथे होत असे तिथेच. त्यांचे पांढरे शर्ट दोरीवर वाळत आणि वरून शेणखताचा अर्क ठिबके. ते नोटीस घेऊन आले, पण माणूस कायद्याचा असल्याने सोबत सुटकेचा मार्गही घेऊन आले.

"काका, हा फॉर्म भरा. कुंड्यांची नोंद. इथे 'शोभेची झाडं' वर खूण करा, सही करा, खाली ताटल्या ठेवा, विषय संपला."

काकांनी फॉर्म वाचला. "पण ही शोभेची नाहीत."

"मग कशाची आहेत?"

"खाण्याची."

"खाण्याची कशी? फुलं आहेत ना?"

"फुलं अजून आलेली नाहीत."

सेक्रेटरींनी एक खोल श्वास घेतला. "काका, 'शोभेची' लिहा. कोण बघतंय?"

हे वाक्य सेक्रेटरींनी म्हणायला नको होतं. चौतीस वर्षांत 'कोण बघतंय' या प्रश्नाला काकांचं उत्तर एकच होतं, आणि ते म्हणजे काका. त्यांनी 'इतर' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'खाद्य. सेवनासाठी.'

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. समितीची बैठक बसली. खाद्य म्हणजे उत्पादन, उत्पादन म्हणजे व्यवसाय, आणि व्यवसायाला खालच्या मजल्याची ना-हरकत लागते. खालचा मजला म्हणजे सेक्रेटरी, आणि सेक्रेटरींची हरकत अजून ओलीच होती. शिवाय बाल्कनी किती वजन पेलते याचा इंजिनियरचा दाखला लागणार होता. निर्णय होईपर्यंत खत बंद, आणि प्रत्येक भांड्याला दिवसाकाठी एक कप पाणी. कप समितीने ठरवून दिला. चहाचा.

"उपाशी मारणार आमच्या झाडांना," काका घरी येऊन कडाडले.

"घरात एक तरी जोडीदार मिळाला मला," काकू म्हणाल्या.

काकांनी समितीचा आदेश अक्षरशः पाळला, कारण आदेश न पाळणं त्यांना येतच नव्हतं. आणि खत तुटलं, पाणी तुटलं, तशी ती लाडावलेली झाडं शुद्धीवर आली. सातव्या आठवड्याच्या सुरुवातीला बादलीत एक कळी दिसली. चार दिवसांत टबात दोन, कुकरमध्ये एक. मग एका सकाळी बादलीतली उमलली. लालसर केशरी, मागे बारीकशी शेपटी असलेली. भूगोलबाई वरून ओरडल्या, "अहो काका, फूऽल!" कंडक्टर धावत आले. सेक्रेटरींनीही खालून मान वाकडी करून बघितलं. उपासमारीने फूल येतं ही गोष्ट या लोकांना कुणी सांगितली असती तर त्यांनी त्यालाच उपाशी ठेवलं असतं.

काकू हळूहळू चालत बाल्कनीच्या दारात आल्या. काकांनी फूल खुडलं, नळाखाली धरलं, वर करून उजेडात बघितलं. काकूंनी तोंड उघडलं.

काकांनी फूल स्वतःच्या तोंडात घातलं.

काकूंनी तोंड मिटलं.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"नमुना," काका चावत म्हणाले. "चोवीस तास थांबायचं. मला काही झालं नाही तर बादली पास."

"कशी आहे चव?"

"तिखट. मोहरीसारखी. मागून जरा गोडसर लागते."

"छान," काकू म्हणाल्या. "ऐकूनच पोट भरलं."

दुसऱ्या दिवशी काका ठणठणीत होते. पण बादली पास म्हणजे टब पास नव्हे. मातीत फरक, भांड्यात फरक. टबातलं फूलही काकांनी खाल्लं. तिसऱ्या दिवशी कुकरचं. दोन भांड्यांची एकदम तपासणी करायची सोय नव्हती, कारण मग काही झालं तर दोष कुणाचा हे कसं कळणार? आणि पास झालेल्या भांड्यांतली फुलं आधी द्यायलाही काका तयार नव्हते. निकाल सगळ्यांचा एकदम लागतो. सहा भांडी, सहा दिवस. काका रोज सकाळी एक फूल खात, खुर्चीत ताठ बसून घड्याळ बघत आणि दर तासाला काकूंना स्वतःची जीभ दाखवत.

"अहो, एक विचारू? तुमच्या कारखान्यातली एखादी तरी काडी गिऱ्हाइकापर्यंत पोचायची का?"

"पेट्यांच्या पेट्या जायच्या."

"नशीबवान गिऱ्हाईक."

मुलगीही फोनवर चिडली. "बाबा, तिला द्या ना एक! तुम्ही काय खाताय?"

"तू यात पडू नकोस," काका म्हणाले. "खाद्यपदार्थाचा प्रश्न आहे."

या सहा दिवसांत काकांचं वजन अर्धा किलो वाढलं. काकूंचं किती उतरलं ते कुणी विचारलं नाही, पण त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलाच्या खणात ठेवून दिलं होतं.

सहावं भांडं पास झालं त्या सकाळी झाडांवर अकरा फुलं होती. काकांनी कागदावर 'सेवनास योग्य' असं लिहून तारीख घातली, सही केली, आणि ताटली घेऊन ते बाल्कनीत गेले. त्याच क्षणी वरून बारीक तुषार आले. काकांनी वर पाहिलं. भूगोलबाई हातातल्या पंपाने आपल्या कुंड्यांवर काहीतरी मारत होत्या, आणि अर्धं काकांच्या टकलावर येत होतं.

पुढच्या दोन मिनिटांत जे घडलं ते वर्णन करायला कठीण आहे, कारण काकांना कुणी इतक्या जलद हालचाली करताना पाहिलं नव्हतं. सगळी बॅच रद्द. अकराच्या अकरा फुलं खुडून त्यांनी पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली, गाठीवर गाठ मारली, पिशवी खाली कचऱ्याच्या डब्यात नेऊन टाकली आणि तसेच चार जिने चढून भूगोलबाईंच्या दारात उभे राहिले. टक्कल ओलं होऊन चमकत होतं.

"विष!" एवढंच त्यांना म्हणता आलं.

"अहो विष कसलं? भांडी घासायचा साबण आहे पाण्यात कालवलेला," भूगोलबाई म्हणाल्या. "फुलं धुऊन घ्यायची फक्त. एवढे घाबरलात का? काकूंना खायला झाली का चांगली?"

काका एकच जिना उतरून घरी आले, ते चार चढताना लागला त्याच्या दुप्पट वेळात.

दुसऱ्या दिवशी कुकरमध्ये एकच फूल उमललं. बाकी नुसत्या कळ्या. डॉक्टरांकडे जायचा दिवस उद्याचा होता. काकांनी ते फूल खुडलं, तीनदा धुतलं, पांढऱ्या बशीत ठेवलं आणि बशी हातात घेऊन स्वयंपाकघरात उभे राहिले.

काकू टेबलाशी बसल्या होत्या. समोर निवलेलं सूप. "द्या ते इकडे."

"अगं, काल साबणाचं पाणी पडलंय त्या भांड्यात. नवा नमुना घेतल्याशिवाय..."

"एकच फूल आहे."

"म्हणून तर."

"म्हणजे नमुनाही तेच आणि मालही तेच?"

"हो."

"म्हणजे तुम्ही हे खाणार, उद्या सकाळी मला कागद देणार, आणि तो कागद हातात धरून मी काट्यावर उभी राहणार." काकूंनी सूप बाजूला सारलं. "कागदाचं वजन किती भरेल हो?"

काकांनी बशी टेबलावर ठेवली. ते फुलाकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी दवाखान्यात तू ती पाकळी तोंडात घातलीस. औषध मारलेली. माझ्या शेजारी बसून. चौतीस वर्षं हेच काम केलं मी, आणि तेव्हा मी काय बघत होतो, तर ओळखीचं कुणी पाहत नाही ना ते."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. नवऱ्याचा असा आवाज त्यांना फारसा परिचयाचा नव्हता. थट्टेचं एक वाक्य त्यांच्या जिभेवर तयार होतं. ते त्यांनी गिळलं. आजाराने चव गेली होती, गिळण्याची सवय गेली नव्हती.

"काडी पेटली नाही म्हणून कुणी मेलं का कधी?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण पेटली म्हणून बोटं भाजलेली आहेत."

"मग भाजू दे की थोडी."

असं म्हणून काकूंनी हात लांब केला, फूल उचललं आणि अख्खं तोंडात टाकलं. शेपटीसकट. काकांचा हात आपोआप नाडीकडे गेला, आधी स्वतःच्या, मग काकूंच्या. काकू डोळे मिटून चावत होत्या. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं आणि काकांना आयुष्यात पहिल्यांदा त्या घड्याळाचा राग आला.

"तिखट," काकूंनी डोळे न उघडता सांगितलं. "मागून गोड. अहवाल बरोबर आहे तुमचा."

"काही होतंय का? जीभ जड? घसा?"

"झोंबतंय." त्यांनी डोळे उघडले. "नुसतं कसं खाऊ हो? ब्रेड आहे का घरात?"

ब्रेड काकांसाठी आणलेला होता. तीन स्लाइस उरले होते, त्यांनी पुडाच समोर ठेवला. काकूंनी एक स्लाइस घेतला, मग मान वळवून बाल्कनीतल्या त्या बशीएवढ्या पानांच्या जंगलाकडे पाहिलं. "दोन पानं तोडून आणा बघू. कोवळी. धुऊन."

"पानं? अगं पानांची तर अजून..."

"बियांच्या पाकिटावर लिहिलंय. फुलं आणि पानं, दोन्ही खातात. मी त्याच दिवशी वाचलं."

"मग आठ आठवडे बोलली का नाहीस?"

"तुम्ही पानांचीही तपासणी मांडली असती," काकू म्हणाल्या. "म्हटलं, फुलांपुरतंच असू दे. आणि खरं सांगू? तोंडात काही घालावं असं वाटतच नव्हतं. फूल असो की पान. तुम्ही ते एकेक खात होतात ना, जीभ बाहेर काढून दाखवत होतात, तेव्हा हळूहळू चिडायला लागले. काल तुम्ही अकरा फेकून दिलीत तेव्हा तर मला इतका राग आला, इतका राग आला, की भूकच लागली."

काकांनी पानं आणली. काकूंनी एक स्लाइसमध्ये दुमडलं आणि दुसरं काकांच्या तोंडासमोर धरलं. "आ करा. एकदमच खायचं. जे व्हायचं ते दोघांना होऊ दे."

पान फुलापेक्षा तिखट निघालं. काकांच्या नाकातून पाणी आलं, आणि काकू आठ आठवड्यांत पहिल्यांदा मोठ्याने हसल्या, ठसका लागेपर्यंत. त्यांनी दुसरा स्लाइस घेतला. मग तिसरा, अर्धा मोडून. मग त्याचा उरलेला अर्धा. काका पुड्याकडे बघत होते आणि मोजत नव्हते, हे सांगितलं तर कारखान्यातलं कुणी विश्वास ठेवणार नाही.

"संपला," काकूंनी पुडा उलटा करून दाखवला.

काका उठले, सापडल्या त्या चपला घातल्या आणि जिना उतरू लागले. दुसऱ्या मजल्यावर सेक्रेटरी फॉर्म घेऊन उभे होते. "काका, तेवढं ना-हरकतीचं..." ते म्हणेपर्यंत काका पहिल्या मजल्यावर होते. ते फाटकापाशी पोचले तेव्हा वरून हाक आली.

"अहोऽ! लोणी पण आणा! खारं!"

काकांनी वळून वर पाहिलं. पानांच्या गर्दीत कठड्यावरून वाकलेल्या काकू दिसत होत्या. त्यांच्या वर भूगोलबाई वाकल्या होत्या, खाली सेक्रेटरी बाहेर येऊन मान वर करून उभे होते. आवाज इतका खणखणीत होता की रस्त्यापलीकडच्या दुकानदारानेही मान वर केली होती.

काकांनी कानामागे हात धरला.

"काय म्हणालीस?" ते ओरडले. "पुन्हा सांग!"

ऐकू आलं नव्हतं असं नाही.